कोळशाचा ठोकळा आणि सावंतकाकू

अरे, ऐक ना. काँक्रीटमध्ये थोडं सिमेंट कमी करून बायोचार, म्हणजे कोळशाची पूड, घालायची आयडिया माझी. आमच्या लॅबचे साहेब म्हणाले, "कोळसा? हाताने चुरा होईल!" माझी सटकली. मुलुंडला घरीच तीन ठोकळे पाडले आणि पक्के व्हायला चाळीच्या गॅलरीत पाण्याच्या बादलीत ठेवले. महिन्याने मशीनवर दाबून बघायला न्यायला गेलो, तर एक गायब! शेजारच्या सावंतकाकू त्याच्यावर नारळ आपटत होत्या.

"काकू, वाट लावलीत माझी! तडा गेला?"

"तडा? मेल्या, पंधरा दिस ह्येच्यारच नारळ फोडतंय. आधीचो दगड दुभंगलो, ह्येका ओरखडोसुदा नाय!"

साहेबांना हे सांगितलं. तर म्हणाले, "मशीन राहू दे, रिपोर्टवर काकूंची सही आण."