बॉयलर हाउसमधलं लायसन

बॉयलर ऑफिसच्या रांगेत माझ्या पुढे एक इंजिनिअर मुलगी एका काकांचा अर्ज भरून देत होती.

"काकाजी, डुप्लिकेट लायसन कशाला हवंय?"

"सांवेर रोडच्या एका फॅक्टरीत बॉयलरवर काम मिळतंय, बेटा. लायसन दाखवा म्हणतात."

"ओरिजिनल हरवलं का?"

"छे ग! मिलच्या बॉयलर हाउसमध्ये टांगलंय, फ्रेम करून. रोज आधी त्याला नमस्कार, मग कोळसा."

"मिल बंद झाली, तेव्हा काढून का नाही आणलं?"

"बॉयलर पेटता असेल तोवर लायसन उतरवायचं नाही, ही आमची रीत. आणि पेटता होता तेव्हाच आम्हाला गेटबाहेर काढलं."

"पण त्याला सहा वर्षं झाली, काकाजी!"

"हां. पण विझवायला मला कुठे बोलावलं?"