ठुमकूचा सहकुटुंब सिनेमा

…आणि वरून मलाच विचारतात, "मध्या, घसा का रे बसला तुझा?" बसेल नाही तर काय! दोन तास पडद्यामागे उकिडवं बसून गाढवाचं पिल्लू, त्याची आई, कोतवाल, नदी, बेडूक, सगळ्यांचं एकट्याने बोलून बघा, मग कळेल! तुम्हाला सांगतो… अहो, सात मिनिटांची गोष्ट होती! फक्त सात मिनिटांची!

आमचे भालचंद्रकाका इथे ग्वाल्हेरला शिक्षण खात्यात चित्रं काढतात. बालकमंदिरातल्या चार-चार वर्षांच्या पोरांसाठी त्यांनी ठुमकू काढला. ठुमकू म्हणजे गाढवाचं पिल्लू. फिल्मच्या पट्टीवर कार्टून असतं, काका मशीनचं हँडल फिरवतात, पडद्यावर चित्र सरकतं आणि मागून आवाज माझे. आज ठुमकूची टोपी हरवते, उद्या जोडा, परवा चणे. सापडतं मग. ठुमकू दमतो, मी घंटा वाजवतो, टण्! ठुमकू झोपतो आणि समोरची पोरंही पटापट सतरंजीवर आडवी! बालकमंदिराच्या मोठ्या बाई आहेत ना, विजयाबाई, त्यांनी दहा वर्षं लावलेली शिस्त आहे ती. घंटा झाली की झोपायचं. नववीत दोनदा गचकलो मी, पण हे काम बढिया चाललं होतं यार!

तेवढ्यात ते राज्यांच्या पुनर्रचनेचं निघालं. मध्यभारत जाणार, मध्यप्रदेश येणार, राजधानी भोपाळ. खात्यात खाती घुसली. नया बाजारात पान खायला जा, तिथेही तेच, "तुमचं काय झालं? भोपाळ की सरप्लस?" आमच्या काकांच्या नावापुढे पेन्सिलीने सरप्लस! म्हणजे घरी बसा. त्या दिवशी काकू आमटीत मीठ टाकायला विसरल्या, आणि सगळ्यांनी ती तशीच ओरपली.

मग उगवले कचेरीतले जयसिंहराव. मिशी आधी घरात येते, ते मागून. "मास्तर, भोपाळचे साहेब येतायत. सरप्लसची यादी अजून पेन्सिलीची आहे, समजलं? पोरखेळ नका दाखवू. पिक्चर दाखवा! दोन तासांचा! सहकुटुंब!"

अहो, सात मिनिटांची गोष्ट होती!

पण काका बसले. सात-सात मिनिटांच्या सतरा पट्ट्या एकापुढे एक चिकटवायच्या आणि मधली चित्रं बदलायची. जयसिंहराव रोज हजर, "हिरो गाढव? गाढवाला दरबारात नेणार तुम्ही? घोडा करा!" कान आखूड केले. विजयाबाई आल्या, "अहो, मुलांना ठुमकू ओळखू कसा येणार?" कान लांब केले. आता आठव्या पट्टीपर्यंत आखूड आणि नवव्या पट्टीपासून लांब! जयसिंहरावांना लढाई पाहिजे. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणतात, "सहकुटुंब आहे ना? मग एक रुसलेली आत्या घाला." घातली! मी गंमत म्हणून त्या आत्याला हुबेहूब जयसिंहरावांची मिशी काढली. वाटलं, काका कान पिळतील. काकांनी बघितलं, नुसती ब्रशने पुसून टाकली. तेव्हा, खरं सांगतो, मी घाबरलो.

खेळाचा दिवस. पाटणकर बाजारातल्या शाळेचा हॉल, खिडक्यांना रजया ठोकलेल्या, दुपारचं ऊन, आत नुसती भट्टी. चाळीस पोरं, त्यांच्या आया, आज्या, सगळं खानदान. पुढे खुर्चीत साहेब, रातभर गाडीत ताटकळून आलेले. सुरू झालं. ठुमकूची टोपी हरवली, सापडली, ठुमकू झोपला… आणि माझा हात! मेला सवयीचा गुलाम! टण्!

चाळीसच्या चाळीस पोरं आडवी.

"उठा, उठा, अजून आहे!" विजयाबाई धावल्या. उठली रडत. जोडा हरवला, सापडला… टण्! आडवी! पुन्हा उठवली, पुन्हा भोकाड. एक आजोबा ओरडतायत, "अहो, संपलं की नाही?" साहेब म्हणाले, "यह क्या तमाशा है, जयसिंहरावजी?" मी पडद्याच्या भोकातून बघतो तर साहेबांनी खिशातून यादी काढली. पेन्सिल काढली. काकांचा हात हँडलवर थांबला, काळाठिक्कर पडला चेहरा.

मी म्हटलं, बस! आता झोपायचंच असेल तर सगळ्यांनी झोपा!

टण्… टण्… हळूहळू घंटा, आणि माझ्या फाटक्या आवाजात ठुमकूच्या आईची अंगाई, "सो जा रे गधे, सो जा…" पोरं पडली. आया थोपटायला लागल्या, थोपटता थोपटता त्या गेल्या. जयसिंहरावांची मिशी छातीवर टेकली. दहा वर्षं दुसऱ्यांना झोपवणाऱ्या विजयाबाई भिंतीला टेकून घोरतायत! आणि साहेब? तोंड उघडं, पेन्सिल जमिनीवर.

मी पडद्याआडून डोकं काढून कुजबुजलो, "काका, बंद करू?"

"नाही रे. पूर्ण दाखवायचा. नोकरी आहे."

अहो, लढाई झाली, दरबार झाला, आत्या रुसली, आत्या मानली… सगळं मी कुजबुजत बोललो, एक माणूस जागा नाही! डोळ्यांत पाणी होतं माझ्या, थकव्याने.

शेवटी रजया काढल्या. साहेबांनी दणदणीत आळस दिला, चेहरा ताज्या मुळ्यासारखा. "वाह, मास्टर साहब! ऐसी शांति महीनों बाद मिली!" आणि रबर मागितला, स्वतः! सरप्लस पुसून टाकलं! काकूंनी बेसनाचे लाडू केले. काका दोन दिवस नुसते झोपले. मला वाटलं, चला, सुटलो. आता परत टोपी, जोडा, चणे.

परवा भोपाळहून कागद आला. पोस्ट कायम, ग्वाल्हेरलाच. खाली साहेबांच्या हातची एक ओळ, "फ़िल्म उत्तम, परंतु छोटी लगी। तीन घंटे की बनाई जाए।"

सात मिनिटांची गोष्ट होती हो… जाऊ द्या. थोडं पाणी द्या. काकांनी सकाळपासून आत्याला एक नणंद काढलीय, तिचा आवाज बसवायचाय.