गादी उतरवा

पंजाबराव : गादी चढली गाडीत. आता पेटी आन, पायल. ऊन व्हाच्या आंदी अमरावती सोडू.

पायल : बाबा, गादी उतरवा. मी वरूडले येत नाई.

पंजाबराव : अवं, काहून? होस्टेलवर पोरगी जेवत नाई, झोपत नाई, असा फोन आला. मायनं तुले लावला तं तू नुसती रडली. मी संत्र्याचा माल तसाच टाकून पिकअप घेऊन पयालो, अन् तू म्हनतं येत नाई?

श्रावणी : काका, तो फोन मी केला होता. मी तिची रूममेट. खूप घाबरले होते हो. पण तिला घेऊन जा, असं नव्हतं म्हणायचं मला.

पंजाबराव : असा फोन आल्यावर बाप काय घरी टीव्ही पाहात बसन, पोरी?

पायल : पयल्याच सेमिस्टरले दोन विषय गेले, बाबा. वर्गात बसली का छातीत धडधड होये.

पंजाबराव : थेच म्हनतो! झेपत नाई तं सोड. घरी राहून बी.ए. कर, आरामात.

पायल : झेपत नाई असं कोन म्हनलं? इंजिनिअरिंगमधलं नुसतं कॉम्प्युटर जमत नाई मले. कौन्सेलर मॅडमकडं जाऊन राहिली मी...

पंजाबराव : डोक्याच्या डॉक्टरकडं? लोकायनं ऐकलं तं?

पायल : ऐकू द्या ना! गेली म्हून तं झोप लागून राहिली. पुढच्या वर्षी ब्रँच बदलीन मी.

पंजाबराव : बदलून काय बनशीन?

पायल : माईत नाई.

पंजाबराव : माईत नाई? अन् मी साऱ्या गावाले सांगून बसलो, पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअर होते म्हून!

पायल : गावाले तुमी सांगतलं. तुमीच निस्तरा. मी शोधून राहिली. अजून एखादा विषय जाईन, पुन्हा बसीन. पन आज गादी घेऊन घरी आली, तं सारे मले हारलेली म्हनतीन. अन् हळूहळू मले बी तेच खरं वाटन. मले थे नाई पायजे, बाबा!

श्रावणी : काका, काल तर माझ्या ताटातलं पिठलंपण हिनंच संपवलं.

पंजाबराव : मंग फोनवर रडली काहून?

पायल : रडू आलं म्हून! घरच्यायजवळ नाई रडाचं तं कोनाजवळ रडाचं?

(पंजाबराव पिकअपमध्ये चढून गादीचं एक टोक उचलतात.)

पंजाबराव : धर तिकडून. हळू, उशी पडन... अन् ऐक. रडू आलं का फोन करत जाय. मी गाडी नाई आनत.