हत्तीला शेळीचं दावं

सासरे : अगं, ब्रेकवरचा पाय काढलास! मी ‘सोड’ म्हटलं होतं का?

सून : चुकलं, बाबा. आपोआप उचलला गेला.

सासरे : आपोआप उचलायला तो पाय काय कोंबडीचा आहे? मी इथे जीपखाली उताणा, ब्रेकच्या नळीचं तोंड उघडं, आणि तू वर पाय काढतेस. बाहेर घालवलेली हवा पुन्हा आत ओढली गेली. आता हे चाक पहिल्यापासून.

सून : तुम्हाला खालून दिसतं तरी काय? परवा चहात मीठ घातलंत.

सासरे : डोळे चहाला लागतात. ब्रेकला कान पुरतो. चल, दाब.

सून : दाबलं.

सासरे : धर.

सून : धरलंय.

सासरे : आला, आला... बारीकसा बुडबुडा. नळीतून तेलाच्या बाटलीत उतरताना हुंकार देतो बघ, गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखा. हां, सोड.

सून : सोडलं. एवढ्याशा बुडबुड्यानं काय होतं हो?

सासरे : त्या दिवशी काय झालं होतं?

सून : त्या दिवशीचं नको.

सासरे : बोल. पोटात ठेवलंस तर पाय असाच उचलत राहशील.

सून : वरच्या वस्तीवरून कळा सुरू झालेली बाई आणत होते. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला. लोण्यात बोट जावं तसा. गाडी आपली चाललीच. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, कठड्याला घासत घासत थांबली. आणि ती मागून विचारते, ‘नर्सबाई, पोचलो का?’ मी ‘हो’ म्हटलं, बाबा. दुसरं काय म्हणणार?

सासरे : बरोबरच म्हटलंस.

सून : आज पुन्हा वर जायचंय. तिथल्या एकीला जुळं आहे, दिवस भरलेत. दुसरा ड्रायव्हर मिळत नाही, आणि मला तर स्टिअरिंग बघितलं की घाम फुटतो.

सासरे : चूक तुझी नव्हती. ही कमरेएवढी चाकं बसवली कुणी?

सून : तुम्ही. नदीतले गोटे ओलांडायला. त्यांच्यामुळेच तर पोचते मी वर.

सासरे : चाकं बघून हुरळलो गं. दारात चार वेळा फिरून बघितली, सगळ्या गल्लीला दाखवली. आणि ब्रेक तेच ठेवले, लहान चाकांचे. चाळीस वर्षं हातात पाना धरून हत्तीला शेळीचं दावं बांधलं मी. उतारभर दाबून ब्रेक तापले, आतलं तेल उकळलं, त्याची वाफ झाली. तेल दबत नाही, पोरी. तुझ्या पायाचं म्हणणं जसंच्या तसं चाकापर्यंत पोचवतं. वाफ काय, हवा काय, मधल्या मधे गिळून बसते.

सून : म्हणून एवढी पारायणं.

सासरे : म्हणून. खाली ये जरा. ही ब्रेकची जुनी चकती, आणि ही बघ चाकावरची नवी.

सून : अगंबाई! बशीशेजारी परात.

सासरे : आणि तिला धरणाऱ्या चिमट्यात हात घाल. जुन्यात चकती दाबणारा दट्ट्या एक होता. मोज आता.

सून : एक, दोन... चार! आणि हे सगळं धूड माझ्या एका पायावर थांबणार?

सासरे : पायाचं सोड. अंगठ्यावर. मलाही अजून नवल वाटतं. बैस वर. दाब.

सून : दाबलं.

सासरे : धर.

सून : धरलंय... बाबा, आता खालून कुणीतरी पाय तोलून धरल्यासारखं वाटतंय.

(ब्रेकचे नवे पॅड सपाट रस्त्यावर घासून बसवून झाले आहेत. जीप शेडमागच्या उताराच्या माथ्यावर उभी आहे.)

सून : तुम्ही उतरा आधी.

सासरे : ज्यानं ब्रेक उघडले, त्यानं पहिल्या उताराला गाडीत बसायचं. आमच्या धंद्याची रीत आहे. मी मागे बसलोय, झोपलो तर उठवू नकोस.

सून : थट्टा सुचतेय तुम्हाला!

सासरे : जाऊ दे तिला.

सून : चालली... वेग धरतेय, बाबा.

सासरे : धरू दे. अजून. अजून जराशी. हां, दाब!

सून : ...

सासरे : बोल की. मला दिसत नाही.

सून : थांबली.

सासरे : कशी थांबली?

सून : झोपलेलं पोर गादीवर ठेवावं, तशी. समोर वाटेत चिमणी दाणे टिपतेय, तिनं मानही वर केली नाही.

सासरे : खरं सांगतेस?

सून : तुमची शप्पथ. एवढं अंग, एवढा उतार, आणि... मी जोर लावलाच नाही हो. नुसतं सांगितलं तिला.

सासरे : हॉर्न नको वाजवूस. चिमणीचं होऊ दे.

सून : नाही वाजवत.

सासरे : रडतेयस का?

सून : चाळीस वर्षं तुम्ही हे रोज करत होतात, आणि आम्ही घरात तुमच्या कपड्यांच्या डागांवरून बोलायचो.

सासरे : डाग होतेच. चल, वर घे. अजून दोनदा उतरवू, मग सांग भरवसा बसला का ते.

सून : दोनदा उतरवू. मग मात्र तुम्ही घरी थांबायचं.

सासरे : का गं? अजून भीती वाटते?

सून : येताना मागची सीट लागेल, बाबा. त्या जुळ्यावाल्या बाईची आईपण बरोबर येणार आहे.