प्लेऑफ हरल्याच्या दुसऱ्या दिवशी

अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या डायलिसिस सेंटरमध्ये नवऱ्याची वाट बघत बसलेल्या शोभनाला मागून मराठी ऐकू आलं. एक म्हातारे काका आणि त्यांना गाडीने घेऊन आलेला त्यांचा शेजारी अनीश कालच्या बेसबॉल मॅचबद्दल बोलत होते.

“बॉल चक्क लाइनच्या आत पडला, काका! तरी अंपायरने फाउल दिला.”

“अंपायरचं सोड. आपल्या टीमने तयार केलेले पिचर श्रीमंत टीम विकत घेतात. प्लेऑफमध्ये आपण हरणारच.”

“पुढच्या वर्षी स्टेडियममध्येच जाऊ. तिकिटं मी काढतो.”

“नको. डायलिसिस बंद करायचं ठरवलंय मी. आज डॉक्टरांना सांगणार.”

“काका! सईला माहितेय?”

“तूच सांग तिला. लेकीशी हे माझ्याच्याने बोलवणार नाही.”

नर्सने हाक मारली. काका एकटेच आत गेले.

शोभनाने वळून पाहिलं. अनीश फोनवर सईचा नंबर काढून बसला होता.