घोडीवर आवळलेला नट

(गॅरेज. स्प्रिंगचे नवे पाटे टाकून उंच केलेली जीप जमिनीवर चारही चाकांवर उभी. मुलगी मागच्या बंपरवर चढून ती हलवतेय, वडील स्टुलावर बसून ऐकताहेत.)

वडील : परत हलव. जरा जोर लाव की, जेवली नाहीस का सकाळी?

मुलगी : लावतेय. ऐकलंत? कुईं करतंय.

वडील : चांगलं गळा काढून रडतंय. पंधरा दिवस नाही झाले नवे पाटे टाकून. तो जीपवाला लंबू काय म्हणाला नक्की?

मुलगी : म्हणाला, डोंगराची वाट लागली की मागे कोणीतरी गंजकं दार उघडतंय असं वाटतं. बायको बसायला तयार नाही. परवा बचाव पथकाची माणसं घेऊन वर जायचंय त्याला. तोवर नीट करा, नाहीतर जुने पाटे परत बसवा म्हणाला.

वडील : जुने बसवा म्हणे. चाळीस वर्षांत माझं एक काम परत आलं नाही. तुला हाताशी घेतलं आणि आलं.

मुलगी : हं.

वडील : हं काय? पाट्यांच्या मधे ग्रीस घातलं होतंस?

मुलगी : यांत प्लास्टिकच्या चकत्या आहेत, ग्रीस नाही चालत. तुम्हीच सांगितलंत.

वडील : पाटे आवळून धरणारे मधले यू-बोल्ट?

मुलगी : सकाळीच बघितले. घट्ट आहेत.

वडील : मग राहिले पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश. पाण्याची बाटली घे. एकेका बुशावर ओत आणि हलव. पाणी पडल्यावर जो गप्प बसेल, तो चोर.

मुलगी : डावीकडचा पुढचा... आवाज आहे. मागचा... आहेच.

वडील : आता उजवीकडे ये.

मुलगी : उजवीकडे तुम्ही ओता ना. मी वर चढून हलवते.

वडील : आण इकडे. हलव. थांब जरा... परत हलव.

मुलगी : थांबला ना?

वडील : थांबला. रबर पार पिळवटून गेलंय बिचारं. हे कशानं होतं, सांग.

मुलगी : गाडी घोडीवर उचलून ठेवलेली असताना बुशाचा नट आवळला की. चाकं लोंबकळत असतात, बुश तसाच पकडला जातो. मग गाडी खाली आली, वजन पडलं, की रबर पिळलं जातं.

वडील : एवढं पाठ आहे, मग हात का तसे चालत नाहीत? पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? आधी गाडी जमिनीवर, मग शेवटचा नट. शेंबड्या पोराला कळेल हे.

मुलगी : बाबा, माझी डावी बाजू होती.

वडील : म्हणजे?

मुलगी : उजवी तुम्ही घेतली होतीत.

वडील : मी घोडीवर आवळला?

मुलगी : हो.

वडील : आणि तू बघत होतीस. मग मघापासून माझं ऐकून कशाला घेतेयस? तोंड शिवलं होतं का?

मुलगी : तुमचं तुम्हाला सापडावं असं वाटलं. माझ्या तोंडून नको.

वडील : गाडीखाली फळीवर आडवं पडलं की हा खांदा साथ देत नाही गं. हात वर जातो, पण पान्यावर जोर येत नाही. घोडीवर असली की खाली बसून अंगाचा भार टाकता येतो. म्हटलं, एका नटानं काय होतंय.

मुलगी : एक नाही, बाबा.

वडील : किती?

मुलगी : वर्ष झालं. तुम्ही दुपारी जेवायला घरी गेलात की मी गाडी खाली घेते, तुमचे नट सैल करते, परत आवळते. ही तेवढी राहिली. त्या दिवशी लंबू तुमच्यासमोरच गाडी घेऊन गेला.

वडील : वर्षभर. आणि मी चारचौघांत सांगत सुटलोय, माझं काम परत येत नाही म्हणून.

मुलगी : येत नव्हतंच की.

वडील : चेष्टा नको करूस. लाज वाटतेय मला.

मुलगी : चेष्टा नाही करत. भीती वाटायची मला. तुम्हाला कळलं तर गॅरेजला येणंच बंद कराल. एकदा घरी बसलात की परत उठायचे नाहीत, माहीत आहे मला. आणि गाडीचा आवाज ऐकून दुखणं ओळखणं मला अजून नाही जमत.

वडील : ...नवे बुश आहेत का?

मुलगी : कालच आणून ठेवलेत.

वडील : घाल मग. आणि फळी घे, खाली फरशी गार आहे.

मुलगी : तुम्ही जेवून या. तोवर होतंय माझं.

वडील : भूक नाही अजून. आजपासून माझ्या बाजूचे नटही मी असतानाच आवळत जा.