गॅलरीतला तह

हसणार असाल तर सांगत नाही. अंबडच्या कंपनीतले आम्ही चौघं रविवारी निखिलच्या फ्लॅटवर राज्यं जिंकायचा बोर्ड गेम खेळतो. चाल खेळण्याआधी दोघांनी गॅलरीत जाऊन गुपचूप तह करायचा, अशी आमची पद्धत.

त्या दिवशी निखिलनं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला गॅलरीत नेलं.

"जेवलास का रे?"

"मॅगी खाल्ली."

"एकटा राहून तब्येतीची वाट लावशील हां. बरं, माझ्या सीमेवरची फौज काढून घे. मी आहे ना तुझ्या पाठीशी!"

मी फौज काढली. पुढच्याच चालीत त्यानं माझी राजधानी घेतली.

"इतका कसा रे बावळट?" समीर म्हणाला. "हा दरवेळी असंच फसवतो!"

ते मलाही ठाऊक होतं. पण कळवण सोडून इथं आल्यापासून मला जेवलास का, असं दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी खेळ मांडायच्या आधीच मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. निखिल आला, पण समीरला घेऊन.

"जरा आत जातोस का? आम्हाला बोलायचंय."

मी आत वळलो, तेव्हा मागून निखिलचा आवाज आला, "काय समीर, जेवलास का रे?"